हेवी लायसन आणि राज्याची वेस

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील केळापूर तालुक्यातून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ जातो. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा हा रस्ता २०१० मधील फेरक्रमांकनापूर्वी या भागात क्रमांक ७ म्हणून ओळखला जाई. नागपूर, जाम, हिंगणघाट, वडकी, करंजी असा दक्षिणेकडे येत तो पांढरकवड्याला, म्हणजे केळापूर तालुक्याच्या मुख्यालयाला पोहोचतो, पुढे जगदंबेच्या देवस्थानामुळे विदर्भभर माहीत असलेल्या केळापूर गावावरून पाटणबोरीकडे वळतो आणि पिंपळखुटीच्या तपासणी नाक्यानंतर पैनगंगा ओलांडून तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. या पट्ट्यातल्या अनेक कुटुंबांचे आप्त नदीच्या दोन्ही काठांना आहेत आणि मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी या भाषा एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात. वणीचा कोळसा, कोरपना-गडचांदूर भागातील सिमेंट आणि कापसाच्या गाठी यांची वाहतूक करणारे चालक कामाच्या सोयीने आज या काठाला तर दोन-चार वर्षांनी त्या काठाला बिऱ्हाड करतात. अशा चालकाने राज्य बदलल्यावर त्याच्या ‘हेवी लायसन’चे काय होते, हा प्रश्न या तालुक्यात रोजच्या व्यवहाराचा आहे आणि त्याचे उत्तर कायद्यात एका जागी दिलेले नसल्यामुळे त्याविषयी गैरसमजही पुष्कळ आहेत.

मुळात तीन कागद वेगळे ओळखले, तर निम्मा घोळ मिटतो. वाहन चालवण्याचा अधिकार माणसाला देणारा कागद म्हणजे अनुज्ञप्ती, बोलीत लायसन; वाहनाची ओळख आणि मालकी नोंदवणारा कागद म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, बोलीत आरसी; आणि भाड्याने माल किंवा प्रवासी नेण्याचा धंदा करू देणारा कागद म्हणजे परवाना, बोलीत परमिट. पहिला कागद चालकाच्या खिशातला, दुसरा गाडीचा आणि तिसरा धंद्याचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३ नुसार या कायद्याखाली दिलेली अनुज्ञप्ती, शिकाऊ असो वा पक्की, संपूर्ण भारतात अमलात असते. आदिलाबादच्या परिवहन कार्यालयाने दिलेल्या अनुज्ञप्तीवर चालकाने पांढरकवड्यात घर केले आणि नागपूरच्या मालकाचा ट्रक चालवला, तरी त्या अनुज्ञप्तीची वैधता तसूभरही कमी होत नाही आणि तिच्याऐवजी नवी घेण्याची सक्ती केंद्रीय कायद्याने कुठेही केलेली नाही.

मग ‘लायसन ट्रान्सफर केले नाही तर दंड होतो’ ही समजूत आली कुठून? ती बहुधा वाहनाच्या कागदावरून आली असावी. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवले, तर कलम ४७ प्रमाणे त्याला नव्या राज्याचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, त्यासाठी कलम ४८ खाली मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी आणावे लागते आणि नव्या राज्याचा करही भरावा लागतो. नव्या राज्याचा पाटी-क्रमांक मिळवण्याच्या या खटाटोपाला चालक-मालक मंडळी एका शब्दात ‘पासिंग बदलणे’ म्हणतात, आणि गाडीला जे लागू तेच माणसाला लागू असणार असे गृहीत धरून पुष्कळ चालक लायसनसाठीही एनओसी शोधत फिरतात. या गैरसमजाला दलालांचा हातभार लागतो हे उघड आहे, कारण जे काम करण्याची गरजच नसते त्याचे पैसे घेणे सर्वांत सोपे असते.

कायद्याने अनुज्ञप्ती देशभर चालती केली असली, तरी तिची नोंद मात्र ज्या कार्यालयाने ती दिली त्याच्याच दप्तरात असते. पत्ता बदलणे, मुदत वाढवणे, नवा वाहनप्रकार जोडणे, हरवलेल्या कार्डाची दुय्यम प्रत घेणे यांपैकी कोणत्याही कामासाठी त्या नोंदीपर्यंत पोहोचावे लागते. स्थलांतरित चालकाची खरी अडचण अधिकाराची नसून नोंदीची असते, आणि खासगी मोटार चालवणाऱ्यापेक्षा ती मालमोटार चालवणाऱ्याला अधिक जाचते, ते का हे समजण्यासाठी व्यावसायिक अनुज्ञप्तीचे स्वरूप पाहावे लागते.

‘व्यावसायिक अनुज्ञप्ती’ असा शब्दप्रयोग कायद्यात नाही. कायद्यात ‘परिवहन वाहन’ ही संज्ञा आहे आणि तिच्यात मालवाहू गाड्या, भाड्याने प्रवासी नेणारी वाहने, शिक्षणसंस्थांच्या बस आणि खासगी सेवा वाहने येतात. असे वाहन चालवण्याचा अधिकार अनुज्ञप्तीत स्पष्टपणे नोंदलेला असावा लागतो. या नोंदीलाच चालक मंडळी ‘टीआर’ म्हणतात. १९९४ पर्यंत कायद्यात मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, जड मालवाहू आणि जड प्रवासी असे चार वेगळे वर्ग होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते चारही वर्ग काढून त्यांच्या जागी ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग आणला. तरीही जड मालवाहू आणि जड प्रवासी वाहनांची जुनी इंग्रजी आद्याक्षरे कित्येक अनुज्ञप्त्यांवर आणि मालकांच्या बोलण्यात टिकून राहिली, आणि एका राज्याच्या कार्डावरचा वर्ग दुसऱ्या राज्याच्या संगणकात नेमका कोणत्या रकान्यात बसवायचा, हा प्रश्न काउंटरवरच्या लिपिकापुढे त्यामुळेच उभा राहतो.

हा अधिकार सहजी मिळत नाही. साधी मोटार अठराव्या वर्षी चालवता येते, परिवहन वाहनासाठी मात्र वयाची वीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष जवळ असल्याखेरीज परिवहन वाहनाची शिकाऊ अनुज्ञप्तीही मिळत नाही. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र आणि नोंदणीकृत डॉक्टरने नमुना १-अ मध्ये दिलेले वैद्यकीय प्रमाणपत्र या दोन गोष्टी त्यापुढच्या आहेत. आठवी उत्तीर्ण असण्याची अट पूर्वी होती, ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली; ट्रकवर क्लीनर म्हणून वाढलेल्या आणि शाळा अर्ध्यात सुटलेल्या कितीतरी तरुणांना ही अट वर्षानुवर्षे आडवी येत होती, तेव्हा हा बदल योग्यच म्हटला पाहिजे.

पिकअप किंवा छोटा टेम्पो चालवणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. ७,५०० किलोपर्यंतचे वाहन हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत बसते, मग ते मालवाहू असले तरी चालकाला वेगळी टीआर नोंद लागते का, याविषयी विमा कंपन्या आणि अपघातग्रस्त यांच्यात अनेक वर्षे खटले चालले. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मुकुंद देवांगन प्रकरणात २०१७ मध्ये अशी वेगळी नोंद लागत नाही असे म्हटले, त्यावर पुन्हा शंका उपस्थित झाल्यामुळे विषय पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने तोच निष्कर्ष कायम ठेवला. बाजार समितीत कापूस नेणाऱ्या पिकअपच्या चालकाला त्यामुळे पुढील किचकट नियमांपैकी बरेचसे लागू होत नाहीत. त्याची साधी अनुज्ञप्ती त्याला पुरते आणि तिची मुदतही लांब असते.

मुदतीचा हा फरकच सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. तिशीच्या आतल्या माणसाची साधी अनुज्ञप्ती त्याच्या चाळिशीपर्यंत चालते. परिवहन वाहनाची अनुज्ञप्ती पूर्वी तीन वर्षांनी आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते. आदिलाबादेत साधे लायसन काढून पांढरकवड्यात स्थायिक झालेला दुकानदार दहा-दहा वर्षे परिवहन कार्यालयाची पायरी न चढता राहू शकतो, पण ट्रकचालकाला दर पाच वर्षांनी कोणत्या ना कोणत्या कार्यालयापुढे उभे राहणे भाग असते आणि आपली नोंद नेमकी कुठे आहे हे त्याला बहुधा त्याच वेळी कळते.

नूतनीकरणाविषयी कायदा उदार आहे. कलम १५ प्रमाणे कोणतेही अनुज्ञापन प्राधिकरण, म्हणजे अनुज्ञप्ती देण्याचा अधिकार असलेले कोणतेही परिवहन कार्यालय, अर्ज आल्यावर या कायद्याखालील अनुज्ञप्तीचे नूतनीकरण करू शकते आणि ती मुळात दुसऱ्या कार्यालयाने दिलेली असेल, तर नूतनीकरण केल्याचे त्या मूळ कार्यालयाला कळवण्याची जबाबदारी नूतनीकरण करणाऱ्या कार्यालयावर टाकली आहे. म्हणजे कळवाकळवीचे ओझे कायद्याने चालकाच्या खांद्यावर ठेवलेले नाही. नवी अनुज्ञप्ती काढणाऱ्यांसाठीही २०१९ च्या दुरुस्तीने पूर्वीची कार्यक्षेत्राची मर्यादा सैल केली असून आता राहत्या राज्यातील कोणत्याही प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्यामुळे केळापूर तालुक्यातल्या रहिवाशाला यवतमाळचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय, ज्याचा संकेतांक एमएच-२९ आहे, हे एकच दार उरलेले नाही.

ही उदारता प्रत्यक्षात उतरली की नाही, हे मात्र दप्तराच्या अवस्थेवर अवलंबून राहिले. अनुज्ञप्ती जोवर पुस्तकाच्या किंवा हस्तलिखित कागदाच्या रूपात होती, तोवर यवतमाळच्या लिपिकाला आदिलाबादच्या वहीतली नोंद दिसण्याचा काही मार्गच नव्हता. कागद खरा की बनावट हे ठरवायचे, तर मूळ कार्यालयाला पत्र लिहायचे आणि उत्तराची वाट पाहायची, किंवा चालकालाच तिकडे पाठवून नोंदीचा उतारा मागवायचा. लायसनची एनओसी म्हणून जी वस्तू लोक सांगतात ती व्यवहारात बहुतेकदा हा उताराच असतो: अमुक व्यक्तीला अमुक दिनांकास अमुक वर्गांची अनुज्ञप्ती दिली असून तिच्यावर निलंबन किंवा अन्य कारवाई नाही, असे मूळ कार्यालयाने दिलेले प्रमाणपत्र. कायद्याच्या एखाद्या कलमातून नव्हे, तर नोंद दिसत नाही या अडचणीतून त्याची गरज निर्माण झाली.

राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तयार केलेली ‘सारथी’ ही संगणक प्रणाली आल्यावर हे चित्र बदलू लागले. अनुज्ञप्ती क्रमांकात राज्याचा संकेतांक, कार्यालयाचा क्रमांक, वर्ष आणि सात आकडी अनुक्रमांक अशी देशभर एकसारखी रचना आली, आणि जी राज्ये या प्रणालीत आहेत त्यांच्यातली नोंद क्रमांक व जन्मतारीख टाकताच दुसऱ्या राज्यातही समोर येते. नागपूरहून रायपूरला किंवा पुण्याहून बेळगावला गेलेल्या चालकाचे काम त्यामुळे पुष्कळ सोपे झाले. पण केळापूरचा शेजार पडला तेलंगणाचा, आणि तेलंगणाच्या परिवहन खात्याने आपली स्वतंत्र संगणकव्यवस्था दीर्घकाळ चालवली. वाहन नोंदणीची राष्ट्रीय आकडेवारी देणाऱ्या ‘वाहन’ या संकेतस्थळावरही तेलंगणाचे आकडे बरीच वर्षे नसत. साहजिकच जी गोष्ट इतर सीमांवर पडद्यावर दिसे, ती पैनगंगेच्या सीमेवर कागदाने सिद्ध करावी लागे. देशातल्या सर्व अनुज्ञप्त्यांची एकच राष्ट्रीय नोंदवही असावी अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कलम २५-अ म्हणून घातली, ती अशाच त्रुटी भरून काढण्यासाठी. तिचा सर्वांत अधिक उपयोग राजधानीतल्या मोटारमालकाला नव्हे, तर सीमेवरच्या ट्रकचालकाला व्हावा अशी अपेक्षा आहे.

जुन्या हस्तलिखित अनुज्ञप्त्यांची गोष्ट याहून कठीण आहे. त्या संगणकात चढवण्याला कार्यालयीन भाषेत ‘बॅकलॉग’ नोंद म्हणतात आणि ती ज्या कार्यालयाने मुळात अनुज्ञप्ती दिली त्यानेच करायची असते, कारण मूळ वही त्याच्याकडेच असते. ज्या चालकाने जुन्या काळी परराज्यात पुस्तक काढले आणि नंतर नूतनीकरणाचे शिक्के मिळतील तिथे मारून घेतले, त्याला संगणकातल्या पहिल्या नोंदीसाठी तरी मूळ गावी जावे लागते, आणि ही फेरी नूतनीकरणाच्या ऐन तारखेला लक्षात आली तर धंद्याचे दिवस बुडतात.

या सीमेची आणखी एक गंमत अशी की इथे माणूस न हलताही राज्य बदलत आले आहे. पांढरकवडा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. आदिलाबाद १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर आंध्र प्रदेशात आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात. तर आदिलाबाद जिल्ह्याचा किनवट तालुका राज्यपुनर्रचनेत नांदेडकडे आला. वाहनाच्या पाट्यांवरची अक्षरेही त्यानुसार पालटली: आदिलाबादची एपी-०१ ही पाटी २०१४ नंतर टीएस-०१ झाली आणि मार्च २०२४ मध्ये तेलंगणाने संकेतांक बदलल्यापासून नव्या गाड्यांना टीजी-०१ मिळू लागले. राज्याच्या विभाजनाने किंवा संकेतांक बदलल्याने आधी दिलेल्या अनुज्ञप्त्या बाद झाल्या नाहीत, परंतु एपी अक्षरांची अनुज्ञप्ती हाती असलेल्या चालकाचे मूळ कार्यालय आता आंध्रात नसून तेलंगणात आहे हे त्याला दर वेळी समजावून सांगावे लागते.

महाराष्ट्रात कायमचे राहायला आलेल्या चालकाने सर्वांत आधी करण्याचे काम म्हणजे पत्ताबदल. राज्यांच्या मोटार वाहन नियमांतही तात्पुरती गैरहजेरी वगळता पत्ता बदलल्याचे प्राधिकरणाला कळवावे, अशी अपेक्षा आढळते. ‘परिवहन’ संकेतस्थळावर जाऊन आपण जिथे राहायला आलो ते राज्य निवडायचे, अनुज्ञप्तीविषयक सेवांमध्ये पत्ताबदलाचा अर्ज भरायचा, नव्या पत्त्याचा पुरावा जोडायचा आणि शुल्क भरायचे; केंद्रीय नियमांच्या तक्त्यात या कामाचे शुल्क २०० रुपये असून कार्ड आणि टपालाचा खर्च त्यावर वेगळा येतो. मार्च २०२१ मध्ये केंद्र शासनाने आधार ओळखीच्या आधारे कार्यालयात न जाता घेता येणाऱ्या १८ सेवा अधिसूचित केल्या, त्यांत अनुज्ञप्तीवरील पत्ता बदलणे आणि चाचणी लागत नसलेले नूतनीकरण या दोन्ही गोष्टी आहेत. अर्थात ही सोय आधारवरचा पत्ता नवा असेल तरच उपयोगी पडते, म्हणून आधी आधारवरचा पत्ता आणि मग अनुज्ञप्तीवरचा, हा क्रम पाळणे शहाणपणाचे ठरते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या चालकाकडे भाडेकरारही नसतो, आणि त्याचे काम पहिल्याच पायरीवर थांबते ते इथे.

दुसरा अडथळा नावाचा आहे. तेलंगणात आडनावाचे किंवा घराण्याच्या नावाचे आद्याक्षर आधी आणि व्यक्तीचे नाव नंतर लिहिण्याची रीत आहे, महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. शिवाय तेलुगू पद्धतीत ‘त’ हा वर्ण रोमन लिपीत दोन अक्षरांनी लिहिला जातो. पलीकडच्या अनुज्ञप्तीवर एक आद्याक्षर आणि एक नाव, तर इकडच्या आधारवर तीन पूर्ण नावे, असा प्रकार झाला की संगणकाच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसे ठरतात, आणि पत्ताबदलाचा साधा अर्ज नावदुरुस्तीचा होऊन बसतो.

नोंद सापडत नाही, नाव जुळत नाही, दिवस बुडतात, तेव्हा काही चालक एक सोपी वाटणारी पळवाट काढतात: जुनी अनुज्ञप्ती तशीच ठेवून नव्या राज्यात पहिल्यापासून दुसरी काढायची. ही पळवाट बेकायदेशीर आहे. कलम ६ प्रमाणे अमलात असलेली अनुज्ञप्ती जवळ असताना, शिकाऊ अनुज्ञप्तीसारखे मोजके अपवाद सोडल्यास, दुसरी अनुज्ञप्ती धारण करता येत नाही. त्यात तोटाही आहे, कारण नव्याने सुरुवात केली की हलक्या वाहनाचे एक वर्ष, मग परिवहन वाहनाची शिकाऊ अनुज्ञप्ती, मग चाचणी, ही सगळी शिडी पुन्हा चढावी लागते आणि नावावरचा अनुभव कागदावर शून्य होतो. दोन अनुज्ञप्त्या ठेवण्यामागे कधीकधी वेगळा हेतूही असतो: एका अनुज्ञप्तीवर कारवाई झाली तर दुसरी दाखवायची. त्यासाठीच कलम २५ ने असे ठरवले आहे की न्यायालयाने अनुज्ञप्तीवर केलेला शेरा, म्हणजे गुन्ह्याची किंवा अनर्हतेची नोंद, नव्या किंवा दुय्यम अनुज्ञप्तीवरही उतरला पाहिजे.

याच दुखण्यावर अमेरिकेने वेगळा उपाय केला. तिथे प्रत्येक राज्याची अनुज्ञप्ती स्वतंत्र, त्यामुळे ट्रकचालक तीन-चार राज्यांच्या अनुज्ञप्त्या बाळगून दंड त्यांच्यात वाटून टाकत. १९८६ च्या संघीय कायद्याने एका चालकाला एकच व्यावसायिक अनुज्ञप्ती ठेवण्याची सक्ती केली आणि सर्व राज्यांच्या नोंदी जोडणारी माहितीप्रणाली उभी केली. चालकाने राज्य बदलले की तिथे तीस दिवसांच्या आत नव्या राज्याची अनुज्ञप्ती घ्यावी लागते आणि जुनी जमा करावी लागते. घातक मालाची नोंद हवी असेल तर पुन्हा लेखी परीक्षेलाही बसावे लागू शकते. भारताने उलटी वाट घेतली. इथे आधीपासून अनुज्ञप्ती देशभर वैध, मात्र नोंदी विखुरलेल्या. कायदा म्हणून भारतीय रचना चालकाला अधिक सोयीची आहे यात शंका नाही. नोंदींची जुळणी आधी झाली असती, तर ती व्यवहारातही तशीच ठरली असती.

या सगळ्यात तारखेकडे दुर्लक्ष करणे सर्वांत महागात पडते. मुदत संपल्यानंतरही तीस दिवस अनुज्ञप्ती अमलात राहील अशी सवलत कायद्यात पूर्वी होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली, पण ‘महिनाभर चालते’ हे वाक्य ढाब्यांवरून अजून गेलेले नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, तर मुदत संपून वर्ष उलटले की वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. राज्य बदललेल्या चालकाने उताऱ्याला किंवा नावदुरुस्तीला लागणारा वेळ धरून त्या आधीच्या वर्षातच हालचाल करावी हे बरे. सोबत जोडायच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात दृष्टीची तपासणी महत्त्वाची असते; भर उजेडात २५ मीटरवरून मोटारीची क्रमांकपाटी वाचता येणे आणि लाल-हिरवा रंग ओळखता येणे ही त्यातली किमान अपेक्षा आहे. रात्रपाळीत वर्षे काढलेल्या चालकांच्या बाबतीत ही तपासणी सहीपुरती उरकली जाऊ नये, हे खरे तर कोणत्याही पत्ताबदलापेक्षा निकडीचे आहे.

मुदतीची तारीख चुकली आणि नेमका त्याच काळात अपघात झाला, तर प्रश्न चालकापुरता राहत नाही. अनुज्ञप्ती नसलेल्याच्या हाती वाहन देणाऱ्या मालकालाही कलम ५ आणि १८० खाली जबाबदार धरले जाते, आणि विमा कंपनी अटीचा भंग झाला म्हणून हात वर करू पाहते. सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग प्रकरणात २००४ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार अनुज्ञप्ती बनावट किंवा अवैध होती एवढे दाखवून विमा कंपनी सुटत नाही, मालकाने वाजवी काळजी घेतली नव्हती हेही तिला सिद्ध करावे लागते. मात्र अशा प्रकरणांत अपघातग्रस्ताला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. परराज्यातून आलेल्या चालकाला कामावर ठेवणारे जाणते मालक म्हणूनच कार्डाची नुसती छायाप्रत न ठेवता संगणकावर क्रमांक टाकून वर्ग आणि मुदत पाहून घेतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरील डिजिटल अनुज्ञप्ती तपासणीत ग्राह्य धरावी असा नियम २०१८ मध्ये झाल्यापासून हे काम रस्त्यावर उभ्या उभ्याही होते.

पेट्रोल, गॅस किंवा रसायनांचे टँकर चालवणाऱ्यांना आणखी एक पायरी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम ९ प्रमाणे घातक माल नेणाऱ्या चालकाला घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते, विहित प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि त्याची नोंद अनुज्ञप्तीवर करून घ्यावी लागते. या नोंदीची मुदत पूर्वी एक वर्ष होती, आता तीन वर्षे आहे, म्हणजे तिची तारीख मूळ अनुज्ञप्तीच्या तारखेशी जुळत नाही आणि दोन्ही तारखा स्वतंत्रपणे सांभाळाव्या लागतात. भाषेची अट इथे राज्याची नाही; तेलुगू जाणणारा चालक मराठी न येताही नागपूरच्या आगारातून टँकर भरू शकतो.

राज्याची वेस खऱ्या अर्थाने आडवी येते ती बिल्ल्यापाशी. रिक्षा, टॅक्सी किंवा बस अशा सार्वजनिक सेवा वाहनाच्या चालकाला अनुज्ञप्तीखेरीज वेगळे प्राधिकारपत्र आणि छातीवर लावायचा धातूचा बिल्ला, म्हणजे बॅज लागतो. बिल्ला आणि गणवेश यांविषयी नियम करण्याचा अधिकार केंद्रीय कायद्याने राज्यांकडे सोपवला आहे, त्यामुळे अनुज्ञप्तीला असलेली देशभराची वैधता बिल्ल्याला नाही. महाराष्ट्राच्या नियमांत तो देताना चालकाच्या चारित्र्याची पडताळणी होते आणि रिक्षा-टॅक्सीच्या बाबतीत मराठीच्या कामचलाऊ ज्ञानाचा व राज्यातील वास्तव्याचा मुद्दाही येतो. एस.टी. महामंडळाच्या चालकपदासाठीही जड वाहनाच्या अनुज्ञप्तीबरोबर हा बिल्ला मागितला जातो. आदिलाबादची टीआर अनुज्ञप्ती घेऊन पैनगंगा ओलांडलेला चालक त्याच दिवशी वणीच्या खाणीवरून कोळशाचा ट्रक काढू शकतो. पांढरकवडा आगाराची बस किंवा पाटणबोरीच्या फाट्यावरची काळी-पिवळी चालवायची असेल, तर मात्र त्याला आधी अनुज्ञप्तीवर महाराष्ट्राचा पत्ता आणावा लागतो, मग चारित्र्य पडताळणीचा अर्ज पोलिसांकडे द्यावा लागतो आणि त्यानंतर नव्या बिल्ल्यासाठी परिवहन कार्यालयात पुन्हा अर्ज करावा लागतो.